मागच्या माणसाची चाल

कोरड्या मुलखात वाट पाणी ठरवतं. पाय ती फक्त पुरी करतात. माणूस एका पाणवठ्यावरून निघतो, दुसऱ्या पाणवठ्यावर पोचतो, आणि मधल्या अंतराला प्रवास म्हणतो.

हा विचार मी सिद्धेश्वर धरणाच्या भिंतीवर करतो, समोर नजर पोचेपर्यंत पाणी असताना. पाणी भरपूर दिसतं तिथेच ते कुठून आलं आणि कोणापर्यंत जाईल, हे विचारायला सवड मिळते. तहानलेला माणूस असे प्रश्न विचारत नाही.

पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि काळ्या कातळाच्या, मुरमाड टेकड्यांच्या मुलखातून इथवर येते. वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. 1968 पर्यंत दोन्ही धरणं उभी राहिली. येलदरी पाणी साठवते, त्यावर वीज करून खाली सोडते. सिद्धेश्वर ते धरतं आणि कालव्यांना लावतं. नदी पुढे गोदावरीला मिळते, पण तिचं बरंचसं पाणी त्याआधीच वाटेला लागलेलं असतं.

हिंगोलीचा हा भाग वाळवंट नाही. पाऊस इथे पडतो, एखाद्या वर्षी नको तितका पडतो. तरी एप्रिल 2016 मध्ये याच मराठवाड्यातल्या लातूरला मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पिण्याचं पाणी आणावं लागलं. तहान भूगोलावर अवलंबून असते त्याहून अधिक वाटणीवर असते. वाळवंटातली माणसं हे पिढ्यान् पिढ्या जाणून आहेत. आपण ते दुष्काळाच्या वर्षी शिकतो आणि पहिल्या पुराला विसरतो.

*

एकट्याला तहान लागते. गटाला हिशेब लागतो. कोणाकडे किती उरलं, पुढचा झरा जिवंत असेल का, नसला तर कोणत्या खुणेवरून मागे फिरायचं. एकटा माणूस हा हिशेब मनात करू शकतो आणि स्वतःला फसवूही शकतो. गटात तो मोठ्याने करावा लागतो, आणि मोठ्याने केलेला हिशेब सहसा खरा निघतो.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझं. शाळेत हे लवकर कळतं, पाठीला उशिरा. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, ऍरिझोना आणि युटाच्या लाल घळींच्या प्रदेशात, पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालणाऱ्यांना माणशी दिवसाला सुमारे चार लिटर पाणी धरायला सांगतात. तीन दिवसांचं पाणी बारा किलो झालं. त्यावर अन्न, अंथरूण, दोर. आठवड्याचं पाणी पाठीवर नेताच येत नाही. म्हणून तिथे कितीही धडधाकट माणूस असो, तो झऱ्याच्या उपकारावर चालतो. नोकरीनिमित्त तिकडे गेलेली आपली मुलं सुट्टीत मित्र जमवून त्या घळींत उतरतात, तेव्हा पहिल्यांदा त्यांना कळतं की पैसे खिशात असूनही पाणी विकत मिळत नाही अशी जागा पृथ्वीवर आहे. हे कळणं मोलाचं आहे. त्यांच्या आज्या ते लहानपणापासून जाणत होत्या.

गट पहिल्यांदा कळतो तो ओझं वाटताना. तंबू कोणी घेतला, भांडी कोणी, आणि सगळ्यांचं पाणी कोणी. पाणी घेणारा पहिल्या दिवशी सर्वांत जड असतो आणि शेवटच्या दिवशी सर्वांत हलका. पहिल्या दिवशी त्याच्याकडे कोणी पाहिलेलं नसतं. शेवटच्या दिवशी त्याचं हलकेपण मात्र सगळ्यांना दिसतं.

*

चालणाऱ्यांच्या प्रत्येक गटात एक अन्याय आपोआप घडतो, कोणाच्याही वाईट मनाशिवाय. दमदार माणसं पुढे निघून जातात. एखाद्या सावलीत थांबतात, पाणी पितात, घाम वाळवतात, गप्पा मारतात. मागचा माणूस धापा टाकत पोचतो, आणि तो दिसला की सगळे उठतात: चला, आला. सगळ्यात दमलेल्या माणसालाच विश्रांती मिळत नाही.

दुपारपर्यंत तो आणखी मागे पडतो. मग सगळे म्हणतात, याच्यामुळे उशीर झाला.

जुन्या वाटाड्यांना यावरचा उपाय ठाऊक असतो, आणि तो साधा आहे. सर्वांत हळू चालणाऱ्याला सर्वांत पुढे घालायचं आणि सर्वांत कणखर माणसाला सर्वांत मागे. मग गट आपोआप त्याच्या चालीने चालतो आणि विश्रांती सर्वांना एकाच वेळी मिळते. दमदार माणसाला हे जड जातं. स्वतःची चाल आवरणं हा चढाहून मोठा चढ आहे. पण तो एकदा चढला की त्याला दुसऱ्या गोष्टी दिसू लागतात: कातळातली ओल, पाखरांच्या झेपेची दिशा, पुढच्याच्या टाचेवर आलेला फोड.

वारीला हे माहीत आहे. शेगावहून पंढरीला जाणारी गजानन महाराजांची पालखी याच जिल्ह्यातून जाते. नर्सी आणि औंढा ही तिच्या वाटेवरची गावं. दिंडीत पताका पुढे, टाळकरी दोन्ही अंगांनी, वीणा आपल्या जागी, डोक्यावर तुळस आणि हंडा घेतलेल्या बाया आपल्या जागी. कोणी कोणाला ओलांडून जात नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ती शिस्त वाटते. आत चालणाऱ्याला ते अभय असतं, कारण रांगेत असलेला माणूस मागे पडू शकत नाही.

*

वाळवंटात चालत गेलेल्यांची आठवण या मातीत जुनी आहे. इथल्या तांड्यांवरच्या बंजाऱ्यांची बोली राजस्थानी बोल्यांच्या नात्यातली. शेकडो वर्षं त्यांच्या बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य या देशातून त्या देशात गेलं. त्या चालण्याला ते लदेणी म्हणत. सतराव्या शतकात हिंदुस्थानात हिंडलेला फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं लिहिलं आहे. अरुंद वाटेवर असा तांडा समोर आला तर तो पुढे जाईपर्यंत दोन-तीन दिवस थांबावं लागे.

एवढा मोठा गट, आणि चाल मात्र बैलाची. बैल चरत चरत चालणार, म्हणून दिवसाची मजल थोडी. तांड्याचा नायक पुढे असला तरी वेग त्याच्या हातात नसे. जो चारा खातो तो वेग ठरवी. रेल्वे आली, पक्के रस्ते आले आणि एकोणिसाव्या शतकात लदेणी संपली. वेगाने जाणाऱ्याने हळू जाणाऱ्याला ओलांडलं, आणि ओलांडताना त्याची भाकरीही घेतली.

बंजाऱ्यांत एक परंपरा सांगतात: मोगलांच्या दख्खनच्या स्वारीत फौजेला रसद पुरवणाऱ्या नायकांना सनद मिळाली, आणि तिच्यात रांजणातलं पाणी आणि छपरावरचं गवत घेण्याची मुभा होती. मला या सनदेत मागणीचा क्रम महत्त्वाचा वाटतो. जमीन मागितली नाही, मानाची वस्त्रं मागितली नाहीत. दुसऱ्याच्या दारातला रांजण मागितला. सतत चालणाऱ्याला वतन नको असतं. त्याला दर मुक्कामी कोणाच्या तरी पाण्यावर हक्क हवा असतो.

*

आणि एक दुसरी यात्रा.

नामदेव या जिल्ह्यातल्या नर्सीचे, अशी इथली श्रद्धा. 1270 हे त्यांचं जन्मवर्ष. ज्ञानदेव आणि नामदेव मिळून उत्तरेच्या तीर्थयात्रेला गेले. त्या प्रवासाचं वर्णन नामदेवांच्या नावावर असलेल्या तीर्थावळीच्या अभंगांत आहे. त्यातली मारवाडातली कथा मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. बिकानेरजवळच्या कोलायतची म्हणून ती सांगतात. दोघेही तहानेने व्याकूळ. विहीर आहे, पण फार खोल. दोर नाही, पोहरा नाही. ज्ञानदेव योगसिद्धीने सूक्ष्म रूप घेऊन आत उतरले, पाणी पिऊन वर आले आणि म्हणाले, तुझ्यासाठीही आणतो. नामदेवांनी ते घेतलं नाही. त्यांनी विठ्ठलाला हाक मारली. पाणी विहिरीच्या काठावरून वाहू लागलं.

ही कथा भक्ती मोठी की योग, अशा वादासाठी वापरली जाते. मला त्या वादात रस नाही. ज्ञानदेवांना लहान करून नामदेव मोठे होत नाहीत. तहानलेल्या सोबत्याला पाणी आणून देतो म्हणणारा माणूस लहान कसा? मी ही कथा चालणाऱ्याच्या बाजूने वाचतो. पाण्यापर्यंत जाण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत समर्थ माणूस पाण्यापर्यंत उतरतो, आणि इतरांनी त्याच्या देण्याची वाट पाहायची. दुसऱ्या रीतीत पाणी काठापर्यंत येतं आणि तिथे ज्याचा हात पोचेल तो पितो. मुलाचा हात पोचतो, म्हातारीचा पोचतो, मागून येणाऱ्या अनोळखी उंटवाल्याचाही पोचतो. वर आलेलं पाणी नाव विचारत नाही.

दान आणि हक्क यांत एवढंच अंतर आहे: विहिरीच्या तळापासून काठापर्यंत.

दोघांपैकी एक लवकर गेला. 1296 मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. त्या समाधीचं वर्णन करणारे अभंगही नामदेवांच्याच नावावर आहेत. जो सोबत चालतो त्याच्यावर सोबत्याच्या शेवटाची कहाणी सांगण्याची वेळ येते. सोबतीची ही अट निघताना कोणी सांगत नाही. नामदेव त्यानंतर अर्धशतक जगले. परंपरा सांगते, ते पुन्हा उत्तरेला निघाले आणि पंजाबात घुमानला दीर्घकाळ राहिले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत. 2015 च्या एप्रिलमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, तेव्हा महाराष्ट्रातून खास रेल्वेगाड्यांनी माणसं तिथवर गेली. मागे राहिलेला माणूस कधी कधी सर्वांत दूर पोचतो.

*

विठ्ठलाला हाक मारून पाणी आणणं आपल्याला जमणार नाही. मारवाडच्या माणसांना तेही ठाऊक होतं. त्यांनी पाण्याला दुसऱ्या रीतीने हाक मारली.

अनुपम मिश्र यांच्या ‘राजस्थान की रजत बूंदें’ या पुस्तकात कुंईची हकिगत आहे. वाळवंटात खूप खोलवरचं पाणी पुष्कळ ठिकाणी खारं असतं. पण काही भागांत वाळूखाली खडिया दगडाचा थर असतो, आणि पावसाची झिरपलेली ओल त्या थरावर अडते. ना वरचं वाहतं पाणी, ना पाताळातलं, मधलं. ती ओल थेंबाथेंबाने गोळा करण्यासाठी अगदी अरुंद, तीस-चाळीस हात आणि कुठे त्याहून खोल अशी कुंई खणतात. खणणाऱ्याला चेजारो म्हणतात. जागा इतकी चिंचोळी की कुदळ चालवता येत नाही. छोट्या हत्याराने बसून खणायचं. खाली हवा कोंडते, उष्णता वाढते. तेव्हा वर उभी असलेली माणसं मूठ मूठ वाळू जोराने खाली फेकतात. वाळूबरोबर वरची थंड हवा खाली जाते आणि खालची गरम हवा वर येते. चेजारोच्या डोक्यावर धातूचं टोपडं असतं, वरून पडणाऱ्या खड्याने इजा होऊ नये म्हणून.

मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. गटाची याहून नेमकी व्याख्या मला कुठे मिळालेली नाही. एक माणूस अंधारात खाली, आणि वरच्यांच्या मुठीत त्याचा श्वास. वरच्याचा हात थांबला तर खालच्याचं काम थांबतं. खालच्याचं काम थांबलं तर वरच्याच्या घरात पाणी नाही.

कुंई पुरी झाली की उत्सव होई आणि चेजारोला मान मिळे. तेवढ्यावर ते थांबत नसत. वर्षभराच्या सणवारांना त्याला भेट जाई आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर त्याच्या नावाची वेगळी रास पडे. पाण्यासाठी जो खाली उतरला त्याचं देणं एका मजुरीत फिटत नाही, हे त्यांनी धान्यात मोजून मान्य केलं होतं. आपल्याकडे आड-बारवा खणणाऱ्यांची नावं कोणाला आठवतात? दगड घडवणाऱ्यांची, मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बायांची? सिद्धेश्वरची भिंत सहा किलोमीटरच्या वर लांब आहे. तिची माती पाट्यांनी आणि यंत्रांनी, दोन्हींनी इथे आली.

आणखी एक: कुंई एकेका घराची, पण जमीन गावाची. घर आपल्या कुंईतलं पाणी आपल्या मर्जीने काढतं, पण नवी कुंई खणायची तर गावाची संमती लागते. कारण ओल तेवढीच आहे. नवी कुंई म्हणजे नवं पाणी नव्हे, जुन्या पाण्याची नवी वाटणी. आपल्या शिवारांत एकाच्या बोअरशेजारी दुसऱ्याचं त्याहून खोल बोअर पडतं आणि पहिलं कोरडं होतं, तेव्हा हे वाक्य मोठ्याने म्हणणारं कोणी नसतं.

*

घळीतला मृत्यू दोन प्रकारचा असतो: पाणी न मिळाल्याने आणि पाणी आल्याने.

अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाजवळची सांदण दरी आता तरुण मुलांना चांगली ठाऊक आहे. दोन्ही बाजूंना उभे कातळ, मधून चिंचोळी नाळ, तळाशी ऊन जेमतेम पोचतं. उन्हाळ्यात लोक दोर लावून उतरतात. पावसाळ्यात तीच नाळ पाण्याची वाट असते आणि माणसाने तिथे असायचं नसतं. 12 ऑगस्ट 1997 रोजी ऍरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये अकरा पर्यटक लोंढ्यात वाहून गेले. पाऊस कित्येक मैल वर पडला होता. ते उभे होते तिथे संकटाची खूण नव्हती.

घळीच्या तळाशी उभ्या माणसाला आकाशाची एक पट्टी दिसते. पाऊस त्या पट्टीबाहेर पडतो. म्हणून खाली उतरणाऱ्यांपैकी कोणीतरी वर राहायला हवं, आणि वर राहणाऱ्याला सहलीचा आनंद अर्धाच मिळतो. त्याचा फोटो निघत नाही. अशा माणसाची सोबत ज्यांना मिळते ते परत येतात, आणि अनेकदा त्याचे आभार मानायचे राहून जातात.

*

गट फुटतो तो भांडणाने नव्हे. बहुतेक वेळा दोन प्रामाणिक भीतींनी फुटतो.

24 मे 1869 रोजी जॉन वेस्ली पॉवेल नऊ माणसं आणि चार नावा घेऊन कोलोरॅडो नदीच्या अज्ञात घळींत शिरायला निघाला. अमेरिकेच्या यादवी युद्धात त्याचा एक हात गेलेला होता. एक नाव आधीच फुटली, एक माणूस वाटेत सोडून गेला. ऑगस्टच्या अखेरीस ग्रँड कॅन्यनच्या पोटात, थोडं पीठ उरलेलं असताना, समोर भयंकर प्रपात आला. तिघं म्हणाले, आता कातळ चढून वाळवंटातून चालत जाऊ. बाकीचे म्हणाले, नदीनेच जाऊ. 28 ऑगस्टला ते वेगळे झाले. निरोप घेताना डोळ्यांत पाणी आलं, असं पॉवेलने लिहून ठेवलं आहे. आणि हेही की दोन्ही बाजूंना दुसरी बाजूच धोक्याची वाट धरते आहे असं वाटत होतं. नदीने गेलेले सहा जण दुसऱ्या दिवशी घळीबाहेर पडले. चालत गेलेले तिघं मारले गेले.

लोक विचारतात, बरोबर कोण होतं? हा प्रश्न काठावर बसलेल्यांचा आहे. त्या सकाळी घळीच्या तळाशी कोणालाच उत्तर माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत नाही त्याला चूक म्हणणं सोपं असतं. मला त्या तिघांविषयी माया वाटते. सुटका अगदी जवळ होती आणि त्यांना ती दिसू शकत नव्हती. एक दिवस आणखी एकत्र राहण्यासाठी धैर्याहून वेगळं काही लागतं. दुसऱ्याच्या भीतीला स्वतःच्या भीतीइतकी जागा द्यावी लागते. ती जागा नव्वदहून अधिक दिवसांच्या उपाशी, भिजल्या प्रवासानंतर कोणाच्या मनात उरली असेल?

जिथे ते वेगळे झाले तो प्रपात पुढे हूवर धरणाच्या फुगवट्याखाली गेला.

धरणं अशाच जागा बुडवतात, जिथे माणसांनी काही ठरवलेलं असतं. येलदरी-सिद्धेश्वरच्या पाण्याखालीही गावं आणि शिवारं गेली. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा 1976 मध्ये झाला. इथली माणसं त्याच्या आधी उठली. त्यांच्या मागे कायदा नव्हता, पुढे अनोळखी गाव होतं. डोक्यावर बिऱ्हाड घेऊन गटाने चालण्याची हीही एक तऱ्हा; तिला कोणी सहल म्हटलं नाही. उन्हाळ्यात जलाशयाचं पाणी उतरतं, गाळाची जमीन उघडी पडते आणि धरणांच्या काठावरची माणसं तिच्यात पेरून घेतात. ज्यांची ती जमीन होती त्यांच्या नातवांनी ती आता काही महिन्यांपुरती मागायची.

*

सिद्धेश्वरहून औंढा जवळ आहे. नागनाथाचं देऊळ यादवकालीन. वरचा भाग पडझडीनंतर अहिल्याबाई होळकरांच्या काळात उभा राहिला असं सांगतात. शिवलिंग खाली, भुयारासारख्या गाभाऱ्यात. अरुंद पायऱ्यांनी एकेकाने वाकून उतरावं लागतं. देवापाशी रांगेने जाता येतं, पण त्या पायऱ्यांवर प्रत्येक जण एकटा असतो. वरचे थांबतात, खालचा वर आला की मग दुसरा उतरतो.

इथला नंदी देवळाच्या पाठीमागे आहे. त्याची कथा नामदेवांशी जोडलेली आहे. ते समोर कीर्तन करत होते, त्यांना तिथून हटवलं, ते मागे जाऊन बसले आणि गाऊ लागले. मग देऊळच फिरलं. ज्याला मागे घातलं त्याच्याकडे देवाचं तोंड झालं. माझ्या लहानपणी ही कथा सांगताना घरातली मोठी माणसं देवळाच्या चमत्काराविषयी बोलत. आता मला त्यात हटवलेल्या माणसाचं शांतपणे मागे जाऊन बसणं अधिक दिसतं. त्याने तक्रार केली नाही, आणि गाणंही थांबवलं नाही.

*

सिद्धेश्वरचं पाणी कालव्याने वसमतकडे, पुढे परभणी-नांदेडच्या शिवारांत जातं. कालव्याच्या तोंडाशी असलेल्या गावाला पाणी आधी दिसतं. शेवटच्या टोकाला, ज्याला सगळे टेल म्हणतात, तिथे ते शेवटी पोचतं किंवा पोचत नाही. मधल्या प्रत्येक दारावर थोडं जास्त घेतलं जातं. एकेकाचं जास्त फार नसतं. टेलपर्यंत मात्र त्या सगळ्यांची बेरीज पोचते.

हा तोच अन्याय आहे जो चालणाऱ्या गटात घडतो. पुढचा सावलीत बसून पितो, आणि मागचा आला की सगळे उठतात.

म्हणून शेजपाळीत, म्हणजे शेतांना ओळीने पाणी देताना, पाळी टेलकडून सुरू करण्याची रीत आहे: आधी शेवटचं वावर भिजवायचं, मग वर वर यायचं. सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे देणारा कायदा महाराष्ट्राने 2005 मध्ये केला, तेव्हा संस्थेच्या संचालकांत कालव्याच्या मुखाकडच्या, मधल्या आणि पुच्छाकडच्या शेतकऱ्यांना सारखं स्थान दिलं. जुन्या वाटाड्याची तीच युक्ती आहे, हळू चालणाऱ्याला पुढे घालण्याची. फरक इतकाच की वाटेवर ती एका समजूतदार माणसाच्या शब्दाने चालते. कालव्यावर तिला नियम लागतो, मोजमाप लागतं, दाराला कुलूप लागतं, आणि नियम मोडणाऱ्याला त्याच्याच गावातल्या कोणीतरी तोंडावर सांगावं लागतं. हे शेवटचं सर्वांत अवघड. नात्यातल्या माणसाचं दार बंद करणं हे खोल विहिरीत उतरण्याइतकं कठीण असतं.

ज्या संस्था हे करू शकल्या तिथे टेलला गहू भिजतो. ज्या करू शकल्या नाहीत तिथे आवर्तन सुटलं की टेलची माणसं दोघं-तिघं मिळून निघतात आणि पाटाच्या कडेने वरच्या अंगाला चालू लागतात. हातात फावडं, बॅटरी, पाण्याची बाटली. एकेक दार तपासत, कुठे दगड घातलाय, कुठे पाइप टाकलाय ते पाहत. पायाखाली कोरडी चारी, बाजूला दुसऱ्याचं हिरवं रान. त्यांच्यात एखादा म्हातारा असला तर त्याला ते पुढे चालू देतात, कारण कोणतं दार कोणाचं आणि कोणाशी कसं बोलायचं हे त्याला ठाऊक असतं. पाणी सापडलं की ते आधी वरच्या शेतकऱ्याला फोन लावतात. पाळी कोणाची, दार किती वेळ उघडं ठेवायचं, आणि खाली शेवटच्या वावरात पाणी पोचायला किती तास लागतील, यावर बोलणं सुरू होतं.